सव्वाचार किलोची पालखी

"तिथे नको," कमळ म्हणाली.

बळवंत जागच्या जागी थांबला. शेडसाठी दाखवलेली ही तिसरी जागा होती. मुलुंडच्या त्या बैठ्या घरामागे बाग म्हणून जी जमीन होती ती सगळी मिळून अठरा फूट बाय बारा, आणि कमळने तेवीस वर्षांत तिथे जे जे लावलं ते बहुतेक सगळं जगलं होतं. शेडला लागत होती फक्त सहा बाय पाच. पण कढीपत्त्याजवळ ठेवली तर शेजारच्या सुलक्षणाला पानं तोडता येणार नव्हती. तुळशीमागे तर विचारायचीच सोय नव्हती. आता ही मागच्या भिंतीकडची, सगळ्यात लांबची, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली जागा, तर तिथे म्हणे कपडे वाळत घालायचेत.

"अगं, तिथे दोरीच नाहीये."

"बांधणार होते."

पाच वाजता मशीनं घेऊन टेम्पो येणार होता. साकीनाक्याचा गाळा बंद झाला, तेव्हा मालकाने छोटी लेथ आणि ड्रिल मशीन बळवंतलाच देऊन टाकली होती. बत्तीस वर्षं त्याच मशीनवर त्याचा हात चालला होता. त्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला. नोकरी गेल्याचे पेढे खाणारं आमचं एकच घर, असं सुयोग, त्याचा मुलगा, अजून चिडवतो.

कागदावरचं माप मला कळत नाही, असं कमळ म्हणाली होती. म्हणून बळवंतने कामाच्या सवयीने आधी नमुना केला. पातळ प्लास्टिकच्या पाइपांचा, शेडच्या खऱ्या मापाचा सांगाडा. सावली कुठे पडते ते दिसावं म्हणून वरून कमळचीच जुनी केशरी साडी. वजनसुद्धा काट्यावर करून पाहिलं. सव्वाचार किलो. आता त्याचे आडवे पाइप खांद्यावर घेऊन चौघं फिरत होते. पुढे बळवंत आणि कमळ, मागे सुयोग आणि त्याची बायको मानसी.

"सरळ सांग ना, शेडच नकोय तुला," बळवंत म्हणाला. "टेम्पोवाल्याला फोन करतो. जाऊ दे सगळं भंगारात."

आवाज चढला नव्हता, पण त्याला लागलं होतं हे तिघांनाही कळलं. कमळ खिडकीखालच्या अळवाकडे बघत राहिली.

"थांबा रे," सुयोग म्हणाला. "आपण माणसं कशाला डोकं लावतोय? देवीला ठरवू दे."

मानसी जळगावची. तिला काही कळेना. मग सुयोगने सांगितलं, की गावी शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरते. माणसं तिला नेत नाहीत, तीच माणसांना नेते. जिथे थांबायचं असतं तिथे ती जड होते, मग दहा जणांनी जोर लावला तरी हलत नाही.

"खरंच जड होते?"

"माझ्या डोळ्यांसमोर झालीय," कमळ ठसक्यात म्हणाली. "तू ढोल वाजव रे."

सुयोगने तोंडानेच ढोल सुरू केला. पहिली फेरी बळवंतने तोंड पाडूनच मारली. दुसऱ्या फेरीला त्याच्या पायांनी त्याचं ऐकलं नाही. गुडघे कुरकुरत होते, पण खांदा आपोआप ठेका धरू लागला, साडी वर-खाली उडू लागली, आणि मानसी हसता हसता दोनदा चुकीच्या बाजूला वळली. सुलक्षणा कणकेचे हात घेऊन कुंपणाशी आली आणि तिथूनच "देवीच्या नावानं चांगभलं" म्हणाली. बळवंतने तिला पुन्हा म्हणायला लावलं.

पालखी कढीपत्त्याजवळून गेली, भिंतीकडून गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन थांबली. मोरीच्या पाण्यावर तिथे कमळचं अळू वाढायचं. अख्ख्या गल्लीला त्याच्या वड्या जायच्या. त्या अळवात पाय द्यायची घरात कुणाची टाप नव्हती. आता कमळ स्वतः दोन्ही पाय रोवून त्यात उभी होती.

"जड झाली," ती म्हणाली.

बळवंतने तिच्याकडे पाहिलं. वजन त्याने स्वतः केलं होतं.

"अगं, अळू जाईल सगळं."

"भिंतीकडे लावेन."

"इथे ओल आहे. मशीन गंजेल."

"मग मोरीचं पाणी फिरवा तिकडे. बत्तीस वर्षं लोकांची कामं केलीत, एवढं जमेल की."

"दिवसभर तुझ्या कानाशी खडखड होईल."

"होऊ दे." कमळने पाइप खांद्यावरून उतरवला. "रोज साडेसहाला डबा भरून दिला. दुपारी तो कधी उघडता, कसा खाता, मी कधी बघितलंय? आता तिकडे लांब भिंतीशी जाऊन बसलात, तर आणखी एक साकीनाका झाला."

एवढा आनंद बळवंतला पेढ्यांच्या दिवशीही झाला नव्हता, आणि तो लपवायला तो उगाच पाइपांचे जोड तपासत राहिला.

कमळ पाय धुऊन आत गेली. थोड्या वेळाने खिडकीची झडप उघडली आणि पाइपवर आपटून अर्ध्यात अडली. बळवंतने एका हाताने अख्खा सांगाडा उचलला आणि वीतभर बाजूला ठेवला. झडप पूर्ण उघडली.

"आई, हलली की," मानसी म्हणाली.

"जागा मिळाली ना आता तिला," आतून कमळ म्हणाली, आणि केशरी सावलीत उभ्या असलेल्या बळवंतच्या हातात तिने खिडकीतून चहाचा कप दिला.