मिठीचा प्रसंग

गोळ्यांची डबी कपड्यांच्या ट्रंकेत, जुन्या कोटाखाली सापडली. ड्रमवाल्यानं तिच्यावरचं औषधाचं नाव मोबाइलवर शोधलं आणि हातात विंचू आल्यासारखी डबी टेबलावर टाकली.

"एचआयव्हीची औषधं आहेत ही," तो म्हणाला. "म्हणजे आपल्यापैकीच कुणाची तरी."

तालमीच्या खोलीत पाच जण होते. 'घाबरू नका, जवळ घ्या' हे त्यांचं पथनाट्य उद्या सकाळी चौकात व्हायचं होतं. स्पर्शानं काही होत नाही, हे वाक्य त्यांना झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं. तरीही ड्रमवाल्यानं पँटला खसाखसा हात पुसले. नाटकात भाषण करणारा, म्हणून सगळे ज्याला पुढारी म्हणत, तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. नाटक लिहिणारी आणि बसवणारी ताई कोपऱ्यात चहाचा मग घेऊन बसली होती.

चिमणी, त्यांच्यातली सगळ्यात लहान, टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघू लागली. दोन महिने सगळे एकाच बाटलीला तोंड लावून पाणी पीत होते.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा बांबूकडे वळल्या. नाटकातला रुग्ण तोच. मुळातच काडीपैलवान, त्यात हल्ली आणखी वाळला होता. मिठीच्या प्रसंगात चिमणी त्याची बहीण व्हायची आणि त्याला घट्ट धरायची. बहिणीचं काम तिला मुळीच नको होतं, पण मिठीसाठी तिनं ते घेतलं होतं.

"वजन का उतरलंय रे तुझं?" पुढाऱ्यानं विचारलं.

"मेस बदललीय."

"खरं सांग."

"आईशप्पथ, माझी नाही ती डबी."

"बरं, नसेल. पण उद्या तू काम करू नकोस. आणि आता इथे येऊही नकोस. सगळ्यांच्या भल्यासाठीच सांगतोय."

बांबूनं चिमणीकडे बघितलं. "तू तरी सांग ना यांना," म्हणत त्यानं हात पुढे केला.

चिमणी मागे सरकली. इतकी, की पाठ भिंतीला टेकली. आपण काय केलं हे तिला कळलं, स्वतःची भयंकर लाज वाटली, तरी पाय पुढे जाईनात.

बांबूनं पिशवी उचलली.

"थांब रे," ताई उठली. "डबी मीच ठेवली होती तिथे."

कुणाला काही कळेना.

"महिनाभर मिठीचा प्रसंग खोटा वाटत होता. माणूस कसा घाबरतो, तेच तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता कळलं ना? बांबू, माफ कर. तुला आधी सांगितलं असतं तर हे जमलं नसतं."

"अगं ताई, जीव गेला असता की आमचा!" ड्रमवाला खुर्चीत कोसळला. सगळे हसत सुटले. पुढाऱ्यानं बांबूच्या गळ्यात हात टाकला, मनावर घेऊ नकोस म्हणाला. ताईच्या मगातला चहा सगळ्यांनी घोट घोट वाटून घेतला.

बांबू तेवढा हसला नाही. चिमणी त्याच्याशेजारी जाऊन बसली. त्यानं सरकून जागा दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"काय उल्लू बनवलंस ताई, मानलं!" ड्रमवाल्यानं डबी उचलली आणि कचऱ्याच्या टोपलीवर नेम धरला.

"फेकू नकोस रे," ताई म्हणाली. "दे इकडे. माझी आजची गोळी राहिलीय."