पदराखालची काडी

मनुबाईनं गुलाबाची काडी पदराखाली सरकवली आणि पाठीमागून नणंदेचा आवाज आला.

"वयनी, फुटव्याच्या डोळ्याखाली तिरकी कापलीय न्हवं? सरळ कापली तर कुजती."

मनुबाई जागच्या जागी थिजली. एका हातात भाजी चिरायची सुरी, दुसरा हात पदरात. काट्यानं बोट फाटलं होतं, ते तिनं तसंच दाबून धरलं. आष्ट्यात लग्नाकार्याला बायका जिला विचारून रुखवत मांडतात, ती बासष्ट वर्षांची बाई सकाळी सकाळी दुसऱ्याच्या परसात चोरी करताना सापडली होती.

सुलाबाई तिच्या नवऱ्याची, मानसिंगची, एकुलती एक बहीण. सुलाबाईचा नवरा फौजेतनं सुटला आणि रत्नागिरीकडं एका बंदरावर पहाऱ्याच्या नोकरीला लागला. तो वारल्यावरही ती इथंच राहिली. समुद्र हाकेच्या अंतरावर. खारा वारा गुलाबाची पानं जाळतो, म्हणून तिनं पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा केला होता. वाळूत मासळीचं खत आणि शेण घालून तिची माती केली होती. विहिरीच्या गोड पाण्यानं ती रोज सकाळी पान न् पान धुवायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. झाड गुडघ्याच्या वर गेलं नाही. फुलं लिंबाएवढी, फिक्या गुलाबी रंगाची. पण वास असा, की आदल्या दिवशी गाडीतून उतरतानाच मनुबाईचा पाय अडखळला होता. मेढ्याला तिच्या आईच्या दारात अगदी असंच झाड होतं. सणाच्या दिवशी आई त्याचं एकच फूल तोडायची आणि ते मनुबाईच्या वेणीत खोचायची.

मागितली असती तर सुलाबाईनं मूठभर काड्या दिल्या असत्या. पण मागायला तोंड कुठं होतं? ती आणि मानसिंग एवढ्या लांब आले होते ते सहीसाठी. सासऱ्यांच्या, आबांच्या, पश्चात नदीकाठचं रान दोघा भावंडांच्या नावावर लागलं होतं. सुलाबाईनं आपल्या वाटणीचं हक्कसोड लिहून दिलं की सगळा ऊस एकट्या मानसिंगचा. काल संध्याकाळी साडीचोळी पुढं ठेवून विषय मनुबाईनंच काढला होता. सुलाबाई नुसतं "बरं" म्हणाली होती. आता तिला गाडीत बसवून इस्लामपूरच्या कचेरीत न्यायचं, की काम फत्ते. आणि एका काडीपायी तिचं मन फिरलं तर? मानसिंगला काय तोंड दाखवायचं?

"आवं, दडवताय काय?" सुलाबाई हसली. "मागायची हुती की. रान मागताना लाजला न्हाईसा, न् काडीला लाजताय व्हय?"

त्यात टोमणा नव्हता.

"चोरलेलं रोप लागतं म्हंत्यात," ती कसंबसं म्हणाली.

"मग तर न्याच!"

सुलाबाईनं तिच्या हातातली काडी घेतली. गोणपाटाचा तुकडा बादलीत बुडवला, पिळला आणि काडीभोवती बाळाच्या दुपट्यासारखा गुंडाळला. तिनं कालचीच साडी नेसली होती. घड्या अजून मोडल्या नव्हत्या. केसांना तेल लावून, तोंड धुऊन, माहेरी जायला निघालेल्या पोरीसारखी ती तयार होती.

"आबा गेल्यापासनं मला न्यायला कोण आलंच न्हाई बघा," ती गाठ मारता मारता म्हणाली. "काल दारात दादाची गाडी दिसली, लय बरं वाटलं. पर सही झाली की पुन्ना गाडी कशाला येतीया? तिथं आता माजं काय बी ऱ्हायचं न्हाई. ही काडी तुमच्या दारात लागली, तर म्हणायला तेवढं तरी माजं."

मनुबाईनं मान खाली घातली. वीस वर्षांपूर्वी मेढ्याच्या कचेरीत तिनंही अशीच सही केली होती. भावानं दिलेली हिरवी साडी अंगावर होती. "भाऊ काय परका हाय व्हय?" असं तिचा भाऊ म्हणाला होता. त्या दिवशी घरी परतताना ती स्वतःवरच खूश होती. नंतर भावाकडून फक्त लग्नाच्या पत्रिका आल्या, पुढं त्याही फोनवर येऊ लागल्या. आईचं घर पाडून तिथं स्लॅबचं घर उठलं, हे तिला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. गुलाबाचं काय झालं ते तिनं विचारलं नाही. विचारायला कुणी बोलावलंच नव्हतं. हे दुःख तिनं मानसिंगलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि काल साडीचोळी पुढं सरकवताना तिच्या तोंडून तेच शब्द निघाले होते. भाऊ काय परका हाय व्हय?

इतका वेळ तिला धास्ती होती की सुलाबाई सही करणार नाही. आता ती करेल याचीच धास्ती वाटू लागली.

बाहेर हॉर्न वाजला. फाटकाजवळून मानसिंग ओरडला, "आटपा की गं दोघीबी! कचेरी काय आपल्यासाठी उघडी ठेवत्यात व्हय?"

सुलाबाईनं काडी पुढं केली. मनुबाईनं ती घेतली, क्षणभर धरली आणि परत नणंदेच्याच हातात दिली. वर तिची बोटंही मिटवली.

"ही मी न्हाई लावायची, वन्सं," ती मानसिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "तुमीच येऊन लावा. तुमच्या वाटणीच्या रानात."