देवाला ठाऊक
पेठकडून नाशिकला मजुरीला आलेल्या फुलाबाईनं १९९८ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी पावसाळ्यात गावाकडे तिची म्हातारी आई वारली. नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची नावं घेऊन सामूहिक प्रार्थना, होती. आदल्या दिवशी ती धर्मशिक्षक दानियल मास्तरांना म्हणाली, "प्रार्थनेत माझ्या आयचं नाव घ्या. बुधीबाई."

"ती वाघदेवाला नारळ फोडायची, फुलाबाई. तिला आपला देव ठाऊकच नव्हता."

"पण देवाला ती ठाऊक व्हती ना? त्याला समदं ठाऊक असतं, तुम्हीच शिकवलं."

मास्तर चिडले. "बाप्तिस्मा नाही, तर नाव नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळी नावं वाचून संपवली, तशी फुलाबाई बाकावरून उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "बुधीबाई!"

माना वळल्या. मास्तरांनी हातानं खाली बसायची खूण केली.

"माझी आय हाय ती. तिच्यासाठी प्रार्थना झाल्याबिगर मी बसणार नाय."

वेदीवरून फादरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी हात जोडले.

"बुधीबाईसाठी," ते म्हणाले, "आणि माझ्या आज्यासाठी. त्याचाही बाप्तिस्मा झाला नव्हता."