दुपारचं पाणी

"तुमच्याकडे दुपारी अंघोळ कोण करतं हो?"

रविवारी सकाळी तिने दार उघडताच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. त्यांच्या मागे खांद्याला अवजारांची पिशवी अडकवून प्लंबर उभा होता.

"दुपारी?" ती म्हणाली. "मी तर ऑफिसात असते. हे एकटेच घरी. आणि यांचं सगळं सकाळीच उरकतं."

"मग माझ्या छतातून पाणी कसं गळतं? रोज जेवणं झाली की ठिबकायला लागतं. वर शॉवर चालू असल्याचा आवाजही येतो. मला काय दिवसाढवळ्या भास होतात? ते तुमच्या आतल्या बाजूचं..." म्हणता म्हणता काकू चपापल्या.

आतल्या बाजूला लेकीची खोली होती आणि खोलीला लागून तिचं न्हाणीघर. तापाचं निमित्त होऊन लेक गेली, त्या आठवड्यात आईने स्वतःच्या हाताने न्हाणीघराला बाहेरून कडी घातली होती. त्यानंतर ती तिकडे फिरकली नव्हती. पोरगी पाण्यात शिरली की बाहेर निघायचं नाव घ्यायची नाही, म्हणून बाप तिला बेडकी म्हणायचा.

बाप आता पेपर घेऊन खुर्चीत बसला होता. तो उठला नाही. "वरच्या मजल्यावरून झिरपत असेल," तो म्हणाला. "ते उघडायची काही गरज नाही."

"बघावं तर लागेल साहेब," प्लंबर म्हणाला. "पाणी काय, पत्ता विचारून थोडंच गळतं?"

कोणी हसलं नाही. ती पुढे झाली. कडी आवाज न करता निघाली.

प्लंबरने आधी दाराजवळचा कॉक पाहिला. "हा बंदच असतो ना?"

"कधीचा."

त्याने दोन बोटांनी कॉक फिरवून दाखवला. "न वापरलेला कॉक जाम होतो ताई. पाना लावला तरी हलत नाही. हा तर लोण्यासारखा फिरतोय." मग तो उकिडवा बसला, कोपऱ्यातली जाळी उचलली आणि आत बॅटरी मारली. "याच्याखाली वाटीसारखा ट्रॅप असतो. त्यात पाणी साचून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. वापर थांबला की ते पाणी सुकतं आणि घरभर घाण सुटते. हे बघा. काठोकाठ भरलंय."

तिने वाकून पाहिलं. काळोखात पाणी चमकलं आणि किंचित हललं.

"पाण्याची लाइन फुटली असती तर काकूंचं छत दिवसरात्र गळलं असतं," प्लंबर सांगत होता. "हे सांडपाण्याच्या पाइपचं दुखणं आहे. वरून कोणी पाणी सोडलं तरच खाली ठिबकणार. म्हणजे इथे रोज कुणीतरी शॉवर सोडतंय."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. तिने हळूच मागे वळून लेकीच्या पलंगाकडे पाहिलं. चादरीला एक सुरकुती नव्हती.

"मी सोडतो," नवरा म्हणाला.

तो दारात येऊन कधी उभा राहिला, कोणालाच कळलं नव्हतं.

"तुम्ही? इथे अंघोळ करता?"

"अंघोळ नाही गं. शॉवर सोडतो, दार ओढून घेतो आणि बाहेर पेपर वाचत बसतो." तो फरशीकडे बघत बोलत होता. "बाहेरून अगदी तसाच आवाज येतो. मग थोड्या वेळाने ओरडतो, बेडके, टाकी रिकामी करणारेस का! आणि येऊन बंद करतो."

प्लंबरने जाळी जागेवर बसवली आणि पिशवीत काहीतरी शोधत राहिला.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू म्हणाली असतीस, बंद करा."



दुपारपर्यंत काम चाललं. फरशी फोडली तेव्हा खालचा जुना लोखंडी पाइप सांध्याशी गंजून अगदी चाळण झालेला निघाला. प्लंबरने तेवढा तुकडा कापून प्लास्टिकचा बसवला, वरून सिमेंट भरलं. निघताना तो नवऱ्याजवळ थांबला. "सिमेंट नीट वाळू द्या साहेब. प्लास्टिकला गंज चढत नाही. पुढे रोज सोडलंत तरी काकूंना पत्ता लागायचा नाही."

सिमेंट वाळेपर्यंत घर मुकं झालं. संध्याकाळी ती ऑफिसातून यायची तेव्हा नवरा खुर्चीत असायचा आणि पेपर सकाळच्याच घडीत.

सिमेंट वाळल्यावर एके दिवशी ती अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आली. त्याने दचकून मान वर केली. ती पर्स खांद्यालाच ठेवून आत गेली. न्हाणीघरात तिचा हात कॉकवर जरा अडखळला. मग तिने शॉवर सोडला, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन त्याच्या समोर बसली.

आधी पाइपात हवा गुरगुरली. मग पाण्याची धार फरशीवर आपटायला लागली. मधेच आवाज बदलल्यासारखा वाटायचा, पाण्याखाली कोणी कूस बदलावी तसा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते.

बराच वेळ गेला. नवऱ्याने सवयीने ओरडायला तोंड उघडलं, तशी तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"करू द्या हो," ती म्हणाली. "आज सुट्टी आहे तिला."