एकाच घरचं जेवण

नूपुर मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि खोलीत विश्वनाथराव आणि रक्ताच्या दोन नळ्या एवढंच उरलं.

एका नळीत त्यांचं रक्त होतं, दुसरीत त्यांच्या बायकोचं, ताराबाईंचं. दिसायला दोन्ही सारखीच. नावाच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या नळीसमोर मांडलेल्या होत्या, चिकटवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. ताराबाई रक्त देऊन झाल्या झाल्या चूळ भरायला गेल्या होत्या. हल्ली त्यांची दाढ दुखायची. तोंडात कायम लवंग, आणि कुठेही गेल्या की आधी नळ शोधायच्या.

विश्वनाथरावांनी चिठ्ठ्यांकडे हात नेला आणि मागे घेतला.

नूपुर मॅडम मेडिकल कॉलेजात हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी सगळं नीट समजावलं होतं. "हार्ट अटॅकच्या झटक्याने शरीराला एक प्रकारचा गंज चढतो, काका. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला. तो अडवायला शरीराची स्वतःची राखण असते, अँटिऑक्सिडंट. ती किती उरलीय ते आम्ही बघतो. तुलनेला पेशंटचा नवरा किंवा बायको घेतो. एकाच घरचं जेवण असलं की फरक लगेच कळतो."

इथवर ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, "तंबाखू ही राखण खाऊन टाकतो, म्हणून त्याचीही खूण रक्तात शोधणार आहोत. काकांनी सोडलाय ना?"

"सोडला," ताराबाईच आधी बोलल्या. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली यायनं."

शपथ खरी होती. आयसीयूतल्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी नंदिनीच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि लेक रडली होती. ताराबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता खर्रा खाल्ला तर मी नरखेडले भावाकडे निघून जाईन. मंग तुमी आन तुमचा खर्रा." ताराबाई बोलतात ते करतात, हे महाल भागातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

घरी आल्यावर काही दिवस विश्वनाथरावांनी तग धरला. मग एकदा कोपऱ्यावरच्या टपरीपाशी पाय थांबले, आणि पुढे रोजच थांबू लागले. तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्र्याची पुडी ते स्कूटरच्या डिकीत, पान्याच्या फडक्याखाली ठेवत. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यापासून स्कूटर ताराबाईच पुसायच्या, रोज सकाळी, अगदी आतून बाहेरून. तरी पुडी त्यांना कधी सापडल्याचं दिसलं नाही. याचं विश्वनाथरावांना हायसंही वाटे आणि लाजही वाटे. पुडी मात्र अंदाजापेक्षा लवकर संपायची. आपला हावरटपणा आपल्यालाच कळत नाही, असं म्हणून ते स्वतःला शिव्या घालत आणि दुसरी आणत.

बाहेर मॅडमच्या चपलांचा आवाज आला. विश्वनाथरावांनी दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि अदलाबदल करून ठेवल्या. मॅडमनी आत येऊन त्या न बघता चिकटवल्या.

घरी पोचल्यावर ताराबाईंनी संत्रं सोलून त्यांच्या हातावर ठेवलं. "घ्या, भावाच्या बगीच्यातलं हाय. गंज उतरन थोडा."

विश्वनाथरावांनी ते एकेक फोड करत संपवलं.

काही दिवसांनी मॅडमनी दोघांना बोलावलं. समोर दोन कागद होते. "काका, तुमच्याशी नंतर बोलते," त्या म्हणाल्या. "मला आधी काकूंची काळजी वाटतेय."

विश्वनाथराव खुर्चीत खाली सरकले.

"काकू, तुम्ही म्हणालात घरात रोज संत्री असतात. मग तुमच्या रक्तात राखण करणारं व्हिटॅमिन सी इतकं कमी कसं? गंजाचं प्रमाण तर पेशंटसारखं आहे. आणि तंबाखूही सापडलाय."

आता तारा उसळणार, असं विश्वनाथरावांना वाटलं. ज्या बाईने भर आयसीयूत नवऱ्याला दम दिला, ती हे कसं ऐकून घेईल? पण ताराबाईंनी मान खाली घातली.

"चुकलंच माह्यं," त्या हळूच म्हणाल्या. "आता नाही खाणार."

विश्वनाथरावांच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. म्हणजे हिला सगळं कळलेलं होतं. नवऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून परक्या पोरीसमोर ही त्याचं पाप पदरात घेत होती. आणि आपण? आपण तिच्या नावावर आपली घाण चिकटवून निवांत संत्री खात बसलो होतो. जमीन दुभंगली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

"काहून खोटं बोलून राहिली वं?" त्यांचा आवाज चिरकला. "मॅडम, चिठ्ठ्या म्या बदलल्या. ते रक्त माह्यं हाय. खर्रा मी खातो, शपथ मोडून खातो. ह्या बाईनं जन्मात तंबाखूले हात नाही लावला. तिले काही नका म्हणू."

मॅडमनी हातातला कागद बाजूला ठेवला. "तुमचे दोघांचेही नमुने आता अभ्यासातून काढावे लागतील, काका. असं करायला नको होतं तुम्ही." विश्वनाथरावांनी हात जोडले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मग मॅडमनी दुसरा कागद ओढला, त्यावरचं नाव वाचलं आणि त्या थबकल्या.

"चिठ्ठ्या बदलल्या असतील, तर हा तुमच्या नावाचा कागद काकूंचा झाला," त्या म्हणाल्या. "पण तंबाखू यातही आहे."

विश्वनाथराव बायकोकडे वळले. ताराबाईंची मान अजून खालीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "स्कूटर रोज मीच पुसते. पुडी इतक्या लवकर कशी सरते, याचा इचार नाही आला काय तुमाले कधी?"