चालणारी बाई

“हॉस्टेलचं काही कळलं?” कणीक मळताना लेकीनं विचारलं. म्हैसूरच्या अ‍ॅनिमेशन कॉलेजची फी परवडत होती; प्रश्न हॉस्टेलचा होता.

“वर्षाला दीड लाख म्हणाले गं,” आई म्हणाली. फोनवर सांगितले होते चाळीस हजार. वरचा आकडा तिनं मनानंच वाढवून सांगितला होता. पोरीला परराज्यात धाडणं तिच्या जिवावर आलं होतं.

“मग राहू दे. इथंच बीकॉम करते. ती ओट्यावरची चित्रांची वही तूच ठेव. प्रवेशासाठी चालणाऱ्या माणसाची चित्रं काढायची होती, मी तुझी काढली.”

आईनं अंगठ्यानं भराभर पानं सोडली. पानापानावरच्या चित्रांतून दोन पिशव्या घेतलेली बाई डुलत निघाली. बाजूला रिक्षा थांबली. बाई मानेनंच नको म्हणाली आणि रोजच्यासारखी चालत राहिली.

“चाळीस,” आई वहीकडे बघतच म्हणाली. “चाळीस हजारच आहेत.”

लेकीचे हात कणकेत थांबले.