टेबलाखालचं नाव

शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात नवी टेबलं आलेली पाहून मला शिसारीच आली. भुशाची फळी, तिच्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद, आणि तोही कडेला फुगलेला. याच खोलीत आम्ही रंधा मारायला शिकलो होतो. तास संपेपर्यंत ढलप्या घोट्याला लागायच्या.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आमचे सुतारकामाचे सर आले होते. आता त्यांना धड दिसत नाही. त्यांनी टेबलावर कोपर टेकलं, टेबल डगमगलं आणि कपातला चहा त्यांच्या मांडीवर सांडला. सरांनी फळीवरून हात फिरवला आणि घाण लागल्यासारखी बोटं रुमालाला पुसली.

"उलटं कर रे हे. कुणाचं पाप आहे बघू."

सरांचा जुना नियम होता. वस्तू पुरी झाली की उलटी करून तळाला पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं. कामाची लाज वाटत असेल तर लिहायचं नाही. माझं स्टूल चारदा मोडून पुन्हा जोडल्यावर कुठे मी नाव लिहू धजलो होतो.

मी टेबल उलटं केलं. ज्या कारखान्यात हल्ली मी फक्त सह्या करतो, त्या माझ्याच कारखान्याचं लेबल तिथे होतं.

"काय लिहिलंय?"

मी लेबलावर तळहात दाबून धरला. "नाव नाहीये, सर."

"मग ठीक आहे," सर मांडी पुसत म्हणाले. "थोडी तरी लाज आहे म्हणायची मेल्याला."